परिचारिकेचा परदेशी परवाना

मराठीत एक म्हण आहे : हातच्या कांकणाला आरसा कशाला? जे डोळ्यांना उघड दिसते त्याला पुरावा मागू नये, हा तिचा आशय. दहा-दहा वर्षे रुग्णालयात काढलेल्या परिचारिकेला ही म्हण आठवावी असा प्रसंग परदेशी नोकरीचा अर्ज भरताना हटकून येतो. नागपूर, कोट्टायम किंवा इंफाळ येथे तिने हजारो रुग्णांच्या नाड्या पाहिलेल्या असतात, न सापडणाऱ्या शिरा सापडवलेल्या असतात, मध्यरात्री डॉक्टरांना उठवून बुडता जीव वर काढलेला असतो. आणि आता सातासमुद्रांपलीकडील एक कार्यालय तिला विचारते की, तुम्ही परिचारिका आहात हे कशावरून?

प्रश्न बोचणारा आहे. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तिला परिचारिका म्हणवून घेण्याची मुभा नसते. ब्रिटनमधील रुग्णालयाने तिला निवडले, विमानाने नेले, राहण्याची सोय केली, तरी तेथील नोंदवहीत नाव चढेपर्यंत ती वॉर्डात साहाय्यक म्हणूनच वावरते. रुग्णाला न्हाऊ घालावे, खाट आवरावी, पाणी द्यावे; पण जे औषध तिने मायदेशी सहस्र वेळा दिले ते स्वतःच्या जबाबदारीवर द्यावयाचे नाही. विद्या तिच्याबरोबर गेलेली असते. त्या विद्येचा अधिकार मात्र मागेच राहिलेला असतो. हा अधिकार नव्या भूमीत कसा मिळतो आणि तो मागणाऱ्या परिचारिकेने कशाची तयारी ठेवावी, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण या वाटेवर अनेकींचे श्रम, अनेक कुटुंबांची पुंजी आणि पुष्कळदा घरची जमीनही पणाला लागलेली असते.

परिचारिकेची नोंदणी ही कल्पना फार जुनी नाही. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नायटिंगेल यांच्या नावाने परिचर्येचे विद्यालय निघाले ते १८६० साली. त्यापुढील तीस वर्षांत शिकलेल्या परिचारिकांची एक पिढी तयार झाली आणि वाद उभा राहिला. श्रीमती एथेल बेडफर्ड फेनविक यांचे म्हणणे असे की, शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण हे जनतेला कळलेच पाहिजे. त्यासाठी परीक्षा हवी, नोंदवही हवी, कायदा हवा. त्यांच्या पुढाकाराने १८८७ साली ब्रिटिश परिचारिकांची संघटना स्थापन झाली. आश्चर्याची गोष्ट अशी की, या मागणीला ज्यांचा विरोध झाला त्यांत स्वतः नायटिंगेल होत्या. परिचर्येचा प्राण शीलात आहे; ते शील प्रश्नपत्रिकेने मोजता येत नाही आणि नोंदवहीत लिहिता येत नाही, असा त्यांचा पक्ष होता.

हा वाद कोणी जिंकला हे इतिहासाने सांगितले आहे. न्यूझीलंडने १९०१ साली परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला आणि जानेवारी १९०२ मध्ये एलन डॉहर्टी या जगातील पहिल्या नोंदणीकृत परिचारिका ठरल्या. ब्रिटनमध्ये असा कायदा होण्यास १९१९ साल उजाडले, आणि तेथील नोंदवहीत पहिले नाव लिहिले गेले ते श्रीमती फेनविक यांचे. हिंदुस्थानात मद्रास प्रांताने १९२६ साली आणि मुंबई प्रांताने १९३५ साली असे कायदे केले. स्वातंत्र्याच्या वर्षातील अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९४७ रोजी, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा राखण्याचे काम या परिषदेकडे आले. प्रत्यक्ष नोंदणी मात्र राज्यांच्या परिषदांकडेच राहिली. महाराष्ट्राचा त्यासंबंधीचा कायदा १९६६ सालचा आहे. पुढे २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसाहाय्य आयोगाचा नवा कायदा संमत केला, तो जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठीच.

या इतिहासात एक मर्म दडलेले आहे. नोंदवही जन्मली ती एका देशाच्या जनतेच्या रक्षणासाठी. म्हणूनच ती देशाच्या सीमेपाशी संपते. १९१९ च्या ब्रिटिश कायद्यात साम्राज्याच्या इतर भागांतील नोंदणीला परस्पर मान्यता देण्याची सोय ठेवली होती. परंतु तीही आपोआप मिळणारी नव्हती. शिक्षणाचा दर्जा तुल्य असल्याचे पटल्यावरच ती मिळावयाची. आज निरनिराळ्या देशांच्या नियमांची भाषा निराळी असली, तरी मुळातील विचार तोच आहे. बाहेरून आलेल्या परिचारिकेची परीक्षा पाहणारे कार्यालय हे यजमानाच्या दारातील पहारेकऱ्यासारखे नसून रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या वकिलासारखे असते. रुग्ण बेशुद्ध असेल, वृद्ध असेल, तान्हे बालक असेल. सुई घेऊन आलेल्या व्यक्तीला त्याने कोणता प्रश्न विचारावा? तो प्रश्न त्याच्यासाठी आधीच कोणीतरी विचारून ठेवावा लागतो.

एक भेद प्रथमच ध्यानात घेतला पाहिजे. नोकरी, व्हिसा आणि नोंदणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या देणारे हातही वेगळे आहेत. नोकरी रुग्णालय देते, व्हिसा त्या देशाचे सरकार देते आणि नोंदणी परिचर्येची नियामक संस्था देते. एक हाती आली म्हणजे उरलेल्या दोन्ही मिळाल्याच, असे समजण्यात मोठा धोका आहे. अमेरिकेने हा धडा गेल्या शतकात घेतला. परदेशांतून आलेल्या परिचारिका व्हिसा घेऊन तेथे उतरत आणि राज्याच्या परवाना परीक्षेत मोठ्या संख्येने अनुत्तीर्ण होत. मग शिकलेल्या विद्येचे काम त्यांना करता येत नसे. यावर उपाय म्हणून १९७७ साली एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. सीजीएफएनएस या आद्याक्षरांनी ती ओळखली जाऊ लागली. परीक्षा आधी आणि प्रवास मागाहून, हे तिचे सूत्र होते. १९९६ च्या एका कायद्याने तर परिचारिकांना कामाचा व्हिसा मिळण्यापूर्वी त्यांचे शिक्षण, परवाना आणि इंग्रजीचे ज्ञान यांची तपासणी झाल्याचा दाखला आवश्यक ठरवला.

देश कोणताही असो, परिचारिकेला चार गोष्टी दाखवाव्या लागतात. आपण जी म्हणवतो तीच आहोत आणि मायदेशी आपले नाव निष्कलंक आहे. आपले शिक्षण त्या देशातील शिक्षणाशी तुल्य आहे. तेथील रुग्णाची भाषा आपल्याला कळते. आणि तेथील रीतीने सुरक्षित परिचर्या करण्यास आपण समर्थ आहोत. देशागणिक यांचा क्रम आणि वजन बदलते, एवढेच.

पहिली गोष्ट कागदांची. येथे कागद परिचारिकेच्या हातून गेला तर तो बहुधा चालत नाही. ज्या विद्यालयात ती शिकली, ज्या परिषदेत तिची नोंद आहे, ज्या रुग्णालयात तिने नोकरी केली, त्यांनी स्वतः तो कागद परदेशी संस्थेकडे धाडावा किंवा खरा असल्याचे तिला कळवावे, असा दंडक असतो. आखाती देशांत तर ही मूळस्रोत पडताळणी हीच मोठी पायरी मानली जाते. आता ज्या विद्यालयाचे दप्तर पावसात भिजले, ज्या खाजगी रुग्णालयाने आपले दार कायमचे लावले, तेथून उत्तर कोण देणार? म्हणून अनुभवाचा दाखला नोकरी सोडतानाच, तारखांसह, विभागाच्या नावासह आणि अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यासह मागून घ्यावा. परदेशी जाण्याचा विचार पाच वर्षांनी सुचला, तरी हा कागद त्या वेळी धावून येतो.

नावाचा घोळ ही तर खास भारतीय अडचण. मराठी मुलीच्या नावात वडिलांचे नाव असते आणि विवाहानंतर मधले नाव व आडनाव दोन्ही बदलण्याची रीत आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, परिषदेच्या नोंदणीवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे नाव, अशी स्थिती सहज होते. तामिळनाडू आणि केरळात आद्याक्षराचा विस्तार कोणी गावाच्या नावाने करते, कोणी वडिलांच्या. ज्या माणसाला ही रीत ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या स्त्रिया ठरतात. विवाहाचा दाखला, राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र यांच्या आधारे अर्जापूर्वीच सर्व नावे एका दोऱ्यात ओवून घेणे हे क्षुल्लक वाटणारे काम कित्येक महिन्यांचा खोळंबा वाचवते.

याच पायरीत परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरणही येते. ज्या राज्यात शिक्षण झाले तेथे पहिली नोंद आणि दुसऱ्या राज्यात नोकरी धरल्यास तेथे पारस्परिक नोंद, असा भारतातील प्रघात आहे. नोंद जिवंत नसेल तर परदेशी संस्था मागते तो सद्वर्तनाचा दाखला परिषद कशाच्या आधारावर देणार? परदेशी परवान्याचे झाड मायदेशी नोंदणीच्या मुळावरच उभे राहते. मूळ सुकू देऊन चालत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षणाची तुल्यता. भारतात परिचर्येच्या वाटा अनेक आहेत. साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, सामान्य परिचर्येची पदविका आणि बी. एस्सी. नर्सिंगची चार वर्षांची पदवी. यांपैकी पहिली वाट ग्रामीण आरोग्याच्या कामी अत्यंत मोलाची असली, तरी तेवढ्या शिक्षणावर परदेशात पूर्ण अधिकाराची परिचारिका म्हणून नोंद होत नाही. पदविका आणि पदवी या दोहोंचा विचार होतो. परंतु तोही नुसत्या प्रमाणपत्रावरून नव्हे. कोणत्या विषयाचे किती तास शिकवले आणि त्याचे प्रत्यक्ष काम किती तास झाले, याचा तपशील मागितला जातो. अमेरिकेतील राज्यांची मंडळे औषधोपचार, शस्त्रक्रिया, माता, बालक आणि मनोरुग्ण या सर्व शाखांतील परिचर्या पाहतात. कॅलिफोर्निया राज्य तर आणखी एक पाऊल पुढे जाते : विषयाचा वर्ग आणि त्याचे वॉर्डातील काम ही एकाच काळात झालेली हवीत, असा तेथील आग्रह असतो. एका वर्षी पुस्तक आणि दोन वर्षांनी रुग्ण, हा क्रम तेथे उणा ठरतो.

जर्मनीत ही तुलना फार बारकाईने होते. तेथे परिचर्या हा कायद्याने नियंत्रित व्यवसाय असून मान्यता देण्याचे काम त्या त्या राज्याच्या कार्यालयाकडे असते. अर्जदार परिचारिकेचे शिक्षण जर्मन शिक्षणाशेजारी ठेवून जे उणे दिसेल ते एका पत्रात लेखी कळवले जाते. मग तिच्यापुढे दोन मार्ग असतात. ठराविक मुदतीचा पूरक अभ्यासक्रम पुरा करावा किंवा ज्ञानाची परीक्षा द्यावी. उणीव सांगणारे ते पत्र हाती पडल्यावर कित्येकींना नकार आल्यासारखे वाटते. वस्तुतः तो नकार नसतो. राहिलेल्या वाटेचा तो नकाशा असतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. त्यात परिचर्येचाही समावेश असल्याने हा नकाशा वाचता येणे आता मराठी मुलींनाही अगत्याचे झाले आहे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि येथेच सर्वांत अधिक गैरसमज आहेत. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या परिचारिकेला पुन्हा इंग्रजीची परीक्षा कशाला, असे विचारले जाते. याचे उत्तर मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतच मिळते. केरळातून आलेली परिचारिका तेथे रुजू होते तेव्हा वैद्यकशास्त्र तिला ठाऊक असते. पण मराठी रुग्ण वेदनेचे नाव कधी एकच घेत नाही. पोटात कळ येते, कमरेत चमक भरते, जखम ठणकते, छातीत जळजळते, डोके भणभणते, पाय वळतात, पोटात मुरडा येतो. यांतील प्रत्येक शब्द निदानाची एक खूण आहे. ठणकणारी जखम आणि चुरचुरणारी जखम या दोन वेगळ्या जखमा आहेत. हे शब्द त्या परिचारिका वर्षा-दोन वर्षांत शिकतात आणि मग आजीबाईंशी अस्सल मराठीत बोलू लागतात, हे महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. जे मराठीचे तेच इंग्रजीचे आणि जर्मनचे. रुग्ण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत कण्हत नाही.

ब्रिटनची नियामक संस्था त्यासाठी आयईएलटीएस किंवा ओईटी या परीक्षांतील गुण पाहते. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषण यांत ७ आणि लेखनात ६.५ अशी तिची अपेक्षा आहे. ओईटी ही परीक्षा आरोग्यसेवेतील व्यक्तींसाठीच रचलेली असल्याने तिच्यात रुग्णाशी संवाद आणि एका रुग्णालयातून दुसरीकडे धाडावयाचे पत्र असे प्रसंग येतात. जर्मनीत सामान्यतः बी-२ या पातळीपर्यंत जर्मन भाषा यावी लागते. या परीक्षांत उच्चार साहेबी ढंगाचा आहे की नाही हे महत्त्वाचे नसते. पाळी बदलताना रुग्णाचा वृत्तान्त नेमका सांगता येतो का, दूरध्वनीवर ऐकलेली औषधाची मात्रा अचूक टिपता येते का, हे महत्त्वाचे असते. अर्धा मिलिग्रॅम आणि पाच मिलिग्रॅम यांत केवळ एका शब्दाचे अंतर असते. रुग्णाच्या दृष्टीने ते जीवनमरणाचे ठरू शकते.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष सामर्थ्याची परीक्षा. ब्रिटनमध्ये २०१४ पासून तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग संगणकावर होतो आणि तो भारतात राहूनच देता येतो. त्यात औषधांच्या हिशेबाची एक आणि परिचर्येच्या ज्ञानाची एक अशी दोन अंगे असतात. दुसरा भाग मात्र ब्रिटनमध्येच, ठराविक केंद्रांत, प्रत्यक्ष कृतीचा असतो. तेथे परिचारिका एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे जावी तशी दहा प्रसंगांतून जाते. कोठे रुग्णाची तपासणी, कोठे परिचर्येची आखणी, कोठे औषध देणे, कोठे केवळ लेखन. रुग्णालयाने नेलेल्या परिचारिकेने तेथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत पहिला प्रयत्न करावा आणि आठ महिन्यांच्या आत यश मिळवावे, अशी व्हिसाच्या नियमांची अपेक्षा असते.

या दुसऱ्या भागात अननुभवी मुलींप्रमाणेच मुरलेल्या परिचारिकाही अडखळतात, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. भारतातील गजबजलेल्या वॉर्डात एकट्या परिचारिकेच्या माथी तीस-चाळीस रुग्ण असतात. तिचे हात विजेसारखे चालतात. चौकशी ती डोळ्यांनी करते आणि निर्णय मनातल्या मनात घेते. परीक्षकाला मनातले दिसत नाही. हात धुतले का, रुग्णाला त्याचे नाव व जन्मतारीख विचारली का, मनगटावरील पट्टीशी ती ताडून पाहिली का, कोणत्या औषधाचे वावडे आहे याची चौकशी केली का, काय करणार हे सांगून संमती घेतली का, हे सारे बोलून आणि करून दाखवावे लागते. अनुभवाने जे आतल्या आत जिरलेले असते ते पुन्हा पायरीपायरीने बाहेर काढावे लागते. उत्तम गायिकेला पुन्हा सरगम म्हणावयास सांगावे, तसे हे आहे. परंतु ज्या चुका रुग्णाच्या जिवावर बेततात त्या बहुधा अशा गृहीत धरलेल्या पायऱ्यांवरच होतात. म्हणून ही सवय परीक्षेपुरती न लावता मायदेशीच्या पाळीतच लावावी. ती लागलेल्या परिचारिकेला परीक्षा जड जात नाही, आणि परदेशी जाणे झालेच नाही तरी तिच्या येथील रुग्णांचे कल्याणच होते.

अमेरिकेच्या परीक्षेची तऱ्हा आणखी वेगळी. एनक्लेक्स या नावाची ही परीक्षा संगणकावर होते, तिची केंद्रे भारतातही आहेत आणि १९९४ पासून ती प्रत्येक उमेदवारागणिक स्वतःला बदलत जाते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण, चुकले की थोडा सोपा. अशा रीतीने उमेदवाराची पातळी सुरक्षित परिचर्येच्या रेषेवर आहे की खाली, याची खात्री पटताच परीक्षा थांबते. प्रश्न कमीत कमी ८५ आणि अधिकाधिक १५०. वेळ पाच तास. प्रश्न एकाएकी बंद पडले म्हणजे आपण बुडालो, असे समजून रडत बाहेर पडणाऱ्या मुली पुढे उत्तीर्ण झालेल्या आढळतात. या परीक्षेत पाठांतराला फारसे स्थान नाही. चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे धावावे, हा तिचा आवडता प्रश्न आहे; आणि तोच परिचर्येचा खरा प्रश्नही आहे. मात्र ही परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे उद्याच विमान, असेही नाही. स्थायी निवासाच्या व्हिसासाठी भारतीय परिचारिकांना पुष्कळदा वर्षानुवर्षे तिष्ठावे लागते. तेवढा काळ इंग्रजीचे गुण आणि दाखले यांच्या मुदतीवर लक्ष ठेवणे प्राप्त होते.

वाट इतकी लांब आणि पायऱ्या इतक्या अनेक, म्हणूनच या वाटेवर आडोशाला उभे राहणारेही पुष्कळ. पैसे मोजा, परीक्षेशिवाय परवाना मिळवून देतो, असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत असतो, हे निःशंकपणे समजावे. परवाना ही विकत देता येईल अशी वस्तूच नव्हे. २०१५ साली कुवेतमधील शासकीय रुग्णालयांसाठी चाललेल्या एका भरतीत १९,५०० रुपयांच्या शुल्काच्या जागी प्रत्येकीकडून साडेएकोणीस लाख रुपये घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. एका शून्याचे नव्हे, दोन शून्यांचे हे अंतर. त्याच वर्षी भारत सरकारने आखाती देशांसह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांना ई-मायग्रेट या व्यवस्थेखाली आणले आणि भरतीचे काम शासकीय संस्थांकडे सोपवले. १९८३ च्या प्रवासन कायद्याखालील नियमांप्रमाणे नोंदणीकृत भरतीदाराला घेता येणारे सेवाशुल्क तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढेच आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत नोकरी मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने तर उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घ्यावयाचेच नाही, असा तेथील नियम आहे. हे आकडे ज्या घरी पाठ असतील त्या घरचे शेत सहसा गहाण पडणार नाही.

आणि कडक तपासणीचा राग येत असेल, तर दुसरी बाजूही पाहावी. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने फ्लॉरिडा राज्यातील तीन परिचर्या विद्यालयांतून सात हजारांहून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचे प्रकरण उघडकीस आणले. त्या तपासाला नाव दिले होते ऑपरेशन नायटिंगेल. ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांनी आवश्यक शिक्षण पुरे न करता परवाना परीक्षेला बसण्याचा हक्क मिळवला होता. हा प्रकार परदेशातून आलेल्या परिचारिकांचा नव्हता. तो त्याच देशातील होता. कागद तपासणारा मनुष्य संशयी का होतो, ते यावरून उमगते. खोटी पदविका जितकी रुग्णाची वैरी, तितकीच ती खऱ्या परिचारिकेचीही वैरी असते. कारण तिच्या प्रत्येक खऱ्या कागदावर ती संशयाची छाया पाडते.

आणखी एक प्रश्न उरतो आणि तो टाळण्यासारखा नाही. भारतातील खेड्यापाड्यांत परिचारिकांची वाण असताना येथे शिकलेल्या मुलींनी परदेशी जावे का? हा दोष मुलींच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या खाजगी रुग्णालयांत परिचारिकेला तुटपुंज्या वेतनावर बारा-बारा तास राबवले जाते, तेथे देशप्रेमाचे पाठ देण्याचा अधिकार कोणाला आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या विषयाची एक आचारसंहिता स्वीकारली. व्यक्तीला देशांतर करण्याचा हक्क आहे, असे ती मानते. परंतु ज्या देशांत आरोग्यसेवकांचा तीव्र तुटवडा आहे तेथून श्रीमंत देशांनी ते खेचून नेऊ नयेत आणि जे येतील त्यांना स्थानिकांइतकेच वेतन व मान द्यावा, असे बजावते. जाणारीला वाट मोकळी असावी आणि राहणारीला राहण्याजोगे वेतन व मान मिळावा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

शिवाय गेलेली परिचारिका परतही येऊ शकते, आणि तिने मायदेशी नोंद जिवंत ठेवली असेल तर ती रिकाम्या हाताने येत नाही. परवाना एकदा मिळाला म्हणजे जन्मभर पुरला, असे आता पुष्कळ देशांत नाही. ब्रिटनमध्ये दर तीन वर्षांनी प्रत्यक्ष कामाचे ४५० तास आणि अभ्यासाचे ३५ तास झाल्याचे दाखवावे लागते, आणि हा नियम तेथे जन्मलेल्या परिचारिकेलाही तितकाच लागू आहे. परक्या मुलीला एकदा द्यावी लागणारी परीक्षा आणि घरच्या मुलीला वारंवार द्यावा लागणारा हिशेब यांचा हेतू एकच आहे.

येथे नायटिंगेल आणि फेनविक यांच्या वादाकडे पुन्हा पाहिले तर दोघींचेही म्हणणे आपापल्या जागी खरे वाटू लागते. परीक्षेने शील मोजता येत नाही, हे आजही तितकेच खरे आहे. ज्या हाताच्या स्पर्शाने घाबरलेल्या रुग्णाचा श्वास संथ होतो, त्या हाताला गुण देणारा संगणक कोणी बनवलेला नाही. परंतु अनोळखी देशात, अनोळखी खाटेवर पडलेल्या माणसाला त्या शीलाची प्रचीती येण्यास वेळ लागतो, आणि औषधाची वेळ त्यासाठी थांबत नाही. परवाना एवढेच करतो की, ओळख होण्यापूर्वीच रुग्णाला विश्वास ठेवता यावा अशी एक जागा तयार करून देतो. त्या जागी उभे राहून पुढचे सारे परिचारिकेलाच करावयाचे असते. कांकण तिच्या हातात असतेच. आरसा मागितला जातो तो दूरच्या माणसाला ते दिसावे म्हणून. तो आरसा स्वच्छ पुसून, स्वतःच्या हाताने आणि ताठ मानेने पुढे धरावा, यात तिचा काहीच कमीपणा नाही.